तिसऱ्या रांगेतला आवाज

ओझेला वारली त्याला दोन वर्षं झाली होती, पण तिचा आवाज गेला तो या मंगळवारी.

दुपारचे चार वाजले होते. व्हर्नेल पिकेट आपल्या खुर्चीत बसून मांडीवरच्या भांड्यात भेंडी चिरत होती आणि समोर टीव्हीवर ‘द लॅटिमोर्स’ ही जुनी विनोदी मालिका लागली होती. त्यातही डब्याचा भाग. आमच्या इंगलवूड गावात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, डब्याचा भाग कोणता ते सांगेल. रॉयल लॅटिमोरची नोकरी सुटलेली असते. घरी सांगायची छाती होत नाही, म्हणून गडी रोज सकाळी टाय लावतो, बायकोने भरलेला डबा घेतो आणि दिवसभर बागेत कबुतरांशेजारी बसून राहतो. संध्याकाळी बायको विचारते, “आज काम कसं होतं?” तो म्हणतो, “नेहमीसारखंच.” आणि इथे, बरोब्बर इथे, प्रेक्षकांतून एक बाई ओरडते, “त्या बाईशी खोटं बोलू नकोस रे! डबा भरून दिलाय तिने तुला!”

ती बाई म्हणजे ओझेला, व्हर्नेलची थोरली बहीण.

मंगळवारी ती ओरडलीच नाही. रॉयल म्हणाला “नेहमीसारखंच”, मागे कसलंसं सभ्य, इस्त्री केलेलं हसू वाजलं आणि थांबलं. रॉयल मान वळवून प्रेक्षकांकडे बघत उभा राहिला. कुणी काही बोललं नाही, तरी त्याने उत्तर दिलं, “मावशी, सांगतो हो. जरा दम धरा.” कुठली मावशी? कुणाला सांगतो? बिचारा वेड लागल्यासारखा हवेशी बोलत होता.

व्हर्नेलला आधी वाटलं, आपलेच कान गेले. तिने तो तुकडा मागे नेऊन तीनदा ऐकला. मग चर्चचं कामकाज बघणाऱ्या डीकन फेअरलींना फोन लावला. ऐंशी वर्षांचे डीकन चर्चची गाडी अजून स्वतः चालवतात आणि त्याबद्दल कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

“डीकन, डब्याचा भाग लावा. ओझेला ऐकू येते का बघा.”

पाच मिनिटांनी फोन आला. “नाही गं. यंत्र दोन्ही कानांत आहे, बॅटरी नवी आहे. आणि ओझेलाच काय, मीही नाही. मी तिच्यामागे ‘बरोबर बोललीस’ म्हणालो होतो. चाळीस वर्षं ऐकतोय मी मला. मलाही खाल्लं मेल्यांनी.”

आता ही गोष्ट जरा मागे जाऊन सांगायला हवी. मालिका स्टुडिओत दर शुक्रवारी चित्रित व्हायची, खऱ्या प्रेक्षकांसमोर. प्रेक्षक कुठून आणायचे? कुणीतरी आमच्या चर्चला विचारलं आणि चर्चची बस सुरू झाली. चाळीस माणसं, बायकांच्या डोक्यावर रविवारच्या टोप्या, पिशवीत तळलेली कोंबडी. आत गेल्यावर एक हसतमुख पोरगा पुढे येऊन सांगायचा की मंडळी, हसा, टाळ्या वाजवा, पण बोलू नका. मंडळी माना डोलवायची.

पण आमच्या काळ्या लोकांना समोर कुणी उभं राहून मनापासून बोलायला लागलं की गप्प बसता येत नाही. चर्चमध्ये पास्टर बोलतात तेव्हा खालून कुणी “हो ना”, “सांगा, सांगा” म्हणालं नाही, तर त्या पास्टरांचं काहीतरी चुकलं असं समजायचं. मुक्याने ऐकणं म्हणजे अपमान. मग रॉयल लॅटिमोर समोर उभा राहून बायकोला थापा मारतोय आणि आपण त्याचा अपमान करायचा? तर मंडळी बोलली. पहिल्या दोन वेळा दिग्दर्शकाने चित्रीकरण थांबवलं. तिसऱ्या वेळी ओझेला ओरडली. रॉयलचं काम करणारा हॉर्टन बील हा अलाबामातल्या पास्टरचा मुलगा. त्याला घरी आल्यासारखं वाटलं असणार. त्याने तिसऱ्या रांगेकडे बघून उत्तर देऊन टाकलं. सगळा स्टुडिओ हसून कोसळायचाच बाकी राहिला.

तिथून पुढे लिहिणाऱ्यांनी शहाणपणा केला. प्रत्येक भागात ते प्रेक्षकांसाठी जागा ठेवू लागले. नट वाक्य बोलायचा, थांबायचा, खालून जे येईल त्याला उत्तर द्यायचा. एकशे बारा भाग असे झाले. लोक विचारतात, त्या जुन्या मालिकेत एवढं आहे तरी काय, अजून पोरंसोरं बघतात ती? हे आहे. घरात एकटं माणूस बसलेलं असलं तरी त्याला वाटतं, आपली चाळीस माणसं मागे बसली आहेत आणि कुणी आपल्याला फसवायला लागलं तर ती ओरडतील.

आणि आता त्याच जागा रिकाम्या केल्या होत्या.

शनिवारी क्वेंटिन आर्ड्री घरी आला. मालिका आता ज्या कंपनीकडे होती, तिचा हा माणूस. पन्नाशीला टेकलेला, आपलाच, बूट आरशासारखे चकचकीत. त्याने आधीच फोन करून वेळ मागून घेतली होती. मालिकेला चाळीस वर्षं होत होती. कंपनीला मोठं पोस्टर काढायचं होतं आणि त्यावर ओझेलाचा फोटो हवा होता. शेवटी नावं येताना कॅमेरा एकदा प्रेक्षकांवरून फिरतो. त्यात पिवळी टोपी घातलेली, बोट रोखून तोंड उघडलेली ओझेला दिसते. हल्लीची मुलं ते चित्र एकमेकांना फोनवर पाठवतात, टी-शर्टवर छापून घेतात. पण पोस्टरवर छापायचं तर घरच्यांची सही लागते, आणि घरच्यांत उरली होती एकटी व्हर्नेल.

तिने त्याला लेमन केकचा तुकडा दिला. त्याने दोन घास खाऊन केकची स्तुती केली आणि कागद पुढे सरकवला.

“मिस व्हर्नेल, तुमच्या बहिणीचा चेहरा म्हणजे या मालिकेचा जीव आहे.”

“आणि आवाज?”

“म्हणजे?”

“मंगळवारी डब्याचा भाग लागला होता. माझी बहीण त्यात नव्हती. कुठे ठेवलीत तिला?”

क्वेंटिनने बशी खाली ठेवली. “आम्ही ध्वनी स्वच्छ केलाय. प्रेक्षकांचं बोलणं काढलं, हसणं ठेवलं. आता मालिका पन्नास देशांत दिसते. नव्या लोकांना मध्येच कुणी ओरडलं की बिघाड वाटतो.”

“स्वच्छ केलात. म्हणजे आम्ही घाण होतो.”

“तसं नाही म्हणालो मी.”

“मग कसं म्हणालास ते सांग. मी ऐकतेय.”

“शब्द चुकला माझा,” तो म्हणाला.  पुढे बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला ऑफिसातला गुळगुळीतपणा गेला होता. “हा निर्णय माझा आहे, मिस व्हर्नेल. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. मी मिनेसोटात वाढलो. वर्गात आपल्यातला मी एकटा. गुरुवारी मालिका लागायची. शुक्रवारी सकाळी शाळेत गेलो की पोरं माझ्यामागे चालत तशी ओरडायची. मान हलवून, बोट नाचवून. ती मालिकेला हसत नव्हती, आपल्या लोकांना हसत होती. तेव्हाच ठरवलं होतं, कधी माझ्या हातात आलं तर जगाला मालिका दाखवीन, तमाशा नाही.”

व्हर्नेलने त्याला त्याच क्षणी फाडून खायला हवं होतं. जीभ तयारही होती. पण ते पोरगं बोलत होतं ते तिला फार आतून ओळखीचं होतं.

“तू ते कधी ऐकलंयस का?” शेवटी तिने विचारलं. “जे काढलंस ते. सलग, स्वतःच्या कानांनी?”

“यंत्राने होतं ते काम.”

“मग यंत्राकडून सही घे.”

“मिस व्हर्नेल...”

“चेहरा पाहिजे, आवाज नको. बाई भिंतीवर छान दिसते, फक्त तिने तोंड उघडायचं नाही. असं माझ्या बहिणीच्या बाबतीत होणार नाही, बाळा. एकशे बारा भागांत आवाज परत घाल, मी सही करते. नाही घातलास, तर नुसती टोपी छाप पोस्टरवर. टोपीला घरचं कुणी नसतं.”

तो उठला. कागद मात्र टेबलावर तसाच ठेवला आणि त्यावर पुढच्या रविवारची आमंत्रणपत्रिका ठेवली. क्रेनशॉ रस्त्यावरच्या जुन्या थिएटरात डब्याचा भाग दाखवणार होते, मग गप्पांचा कार्यक्रम, आणि सगळं त्याच वेळी देशभर दिसणार होतं. दारात व्हर्नेलने त्याच्या हातात कागदात बांधलेला केक ठेवला. राग होता म्हणून काय झालं, माणूस तिच्या घरातून रिकाम्या हाताने कसा जाईल?

तो गेला आणि व्हर्नेल सोफ्यावर ओझेलाच्या जागी जाऊन बसली.

तिने त्याला सांगितलं नव्हतं ते असं. व्हर्नेलने तीस वर्षं एका मोठ्या दुकानात हातमोज्यांच्या काउंटरवर काढली. त्या काउंटरवर उभी राहिलेली आपल्यातली पहिली बाई ती. पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणाला होता, “तुझा आवाज खालचा आहे म्हणून तुला घेतलं.” तेवढं एक वाक्य, पण तिने ते जन्मभर जपलं. बसमध्ये, बाजारात, स्टुडिओत ओझेलाचा आवाज चढला की व्हर्नेलचं कोपर तिच्या बरगडीत जायचं. “हळू. लोक बघतायत.” कधी चिमटाही काढायची. शाळेत मुलांना जेवण वाढणारी ओझेला खदखदून हसायची आणि म्हणायची, “अगं, मेल्यावर गप्पच बसायचंय. तोवर बोलू दे की.”

मरायच्या आधीच गप्प बसली. शेवटचे चार महिने अर्धांगवायूने तिची वाचा गेली होती. घर इतकं शांत झालं की व्हर्नेलला फ्रिजचा राग यायचा. रोज चार वाजता ती टीव्ही लावायची, आणि पडद्यावरची ओझेला ओरडली की पलंगावरची ओझेला चांगल्या हाताचं बोट वर करायची. बघ, ती मी. तेव्हा व्हर्नेलला कळलं की आयुष्यभर आपण काय दाबत होतो. कळायला फार उशीर झाला होता. तिला वाईट वाटलं, लाज वाटली, आणि आता सगळ्याच्या वर संताप आला. तो क्वेंटिन तरी यंत्राने करत होता. तिने स्वतःच्या कोपराने केलं होतं.

आठवडाभर कंपनीतून तीनदा फोन आला. एकदा एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं की हवं तर एका भागात, वेगळं बटण दाबल्यावर, जुना ध्वनी ऐकू येईल अशी सोय करता येईल. व्हर्नेलने विचारलं, “बाई, तुझ्या आईचा आवाज तू बटणात ठेवशील?” पलीकडून फोन ठेवला गेला.

रविवारी चर्च सुटल्यावर डीकन फेअरलींनी गाडी काढली. जुन्या चाळिसांपैकी अकरा जण उरले होते. दोघे काठ्या घेऊन, एक चाकाच्या खुर्चीत.

“तू गप्प का?” डीकननी आरशातून विचारलं.

“मी नेहमीच गप्प असते.”

“ते खरं. बसमध्ये तुझ्याशेजारी बसलं की मला वाटायचं, हिच्या बहिणीने हिच्या वाटचंही बोलून टाकलंय.”

गाडीत सगळे हसले. व्हर्नेलही हसली, पण पिशवीवरची तिची बोटं घट्टच होती.

थिएटर गच्च भरलं होतं. अर्ध्याहून जास्त तरुण मंडळी, कित्येकांच्या छातीवर पिवळी टोपी छापलेली. दारातल्या मुलीने प्रत्येकाच्या हातात कार्ड ठेवलं. कार्यक्रम प्रक्षेपित होत आहे, कृपया शांतता पाळावी. डीकननी कार्ड वाचलं, त्याची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारली. अकरा जण तिसऱ्या रांगेत बसले. ती रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवलीय असं कुणीतरी सांगायला आलं, तेव्हा चाकाच्या खुर्चीतली, चर्चमध्ये सगळे सिस्टर म्हणतात ती कॅल्पर्निया म्हणाली, “आम्हीच आहोत ते.”

दिवे मालवले. लॅटिमोरांचं स्वयंपाकघर दिसलं आणि ओळखीचं घर दिसावं तसा लोकांनी सुस्कारा टाकला. रॉयलने टाय बांधला. त्याच्या बायकोने, मर्सीने, डबा भरला, वर एक पीच ठेवलं. रॉयल बागेत बसला. थिएटर शहाण्यासारखं शांत होतं. जिथे जिथे नट थांबत होता तिथे इस्त्रीचं हसू वाजत होतं आणि पोरं एकमेकांकडे बघत होती. काहीतरी कमी आहे हे त्यांना जाणवत होतं, काय ते कळत नव्हतं.

संध्याकाळ झाली. रॉयल घरी आला, रिकामा डबा ओट्यावर ठेवला. मर्सीने पाठमोरीच विचारलं, “आज काम कसं होतं?”

“नेहमीसारखंच.”

रॉयलने मान वळवली. पडद्यावरून तो थेट तिसऱ्या रांगेकडे बघू लागला. वाट बघू लागला. हॉर्टन बीलला जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी वाट बघत होता.

व्हर्नेल उभी राहिली.  ओझेलाचे शब्द तिला पाठ होते, पण ते ओझेलाचे होते. तिने आवाज लावला तो इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली.

“तिच्या डोळ्यांत बघून सांग, रॉयल! लाज तू कशाला बाळगतोस? ज्यांनी तुला काढलं त्यांनी बाळगावी!”

आणि पडद्यावरून रॉयल लॅटिमोर तिला म्हणाला, “मावशी, सांगतो हो. जरा दम धरा.”

 थिएटर दणाणून गेलं. लोक उभे राहिले, पाय आपटू लागले. “बरोबर बोललीस,” डीकन ओरडले. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीचं आपलं वाक्य वसूल करून घेतलं. पुढची जागा आली तेव्हा अकरा जणांनी उत्तर दिलं, त्याच्या पुढच्या जागेला मागच्या रांगांतली पोरं ओरडली. मर्सीने कमरेवर हात ठेवला तेव्हा कुणीतरी म्हणालं, “आता मेलास तू, रॉयल,” आणि रॉयलने वर बघून खांदे पाडले, जसं काही त्याला ऐकू गेलं. एकही जागा रिकामी गेली नाही. दारातली मुलगी कार्ड हातात घेऊन धावत आली, तिसऱ्या रांगेपाशी थांबली आणि तिथल्या पायरीवर बसून बघू लागली. व्हर्नेल शेवटपर्यंत उभीच होती.

दिवे लागले. गप्पांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर कुणी बसेना. क्वेंटिन आर्ड्री रांगेतून वाट काढत आला. त्याचे डोळे लाल होते आणि ते लपवायची तसदी त्याने घेतली नव्हती.

“तुम्ही विचारलं होतं, स्वतःच्या कानांनी ऐकलंय का,” तो म्हणाला. “काल दिवसभर ऐकलं. नुसता प्रेक्षकांचा ध्वनी, चित्र नाही, नट नाहीत. माझी आजी टीव्हीशी असंच बोलायची. मी उठून खिडकी लावायचो, शेजारी ऐकतील म्हणून.”

“मग?”

“मग काही नाही. परत घालतो. सगळे एकशे बारा.”

“वरचे हो म्हणतील?”

“आत्ताचं देशभर दिसलं, मिस व्हर्नेल. नाही म्हणायचं तर त्यांना माझ्याशी भांडावं लागेल. मी तयार आहे.”

“ऐकल्यावर सही करीन.”

“चालेल.” तो जायला वळला आणि थांबला. “एक बारीकसं आहे. डब्याच्या भागात तुमची बहीण ओरडते, त्याच्या लगेच नंतर, अगदी जवळून कुणीतरी तिला गप्प करतं. ‘श्श्’ असं. माईकच्या जवळ आल्यामुळे कानाला टोचतं. कुणी खवट बाई असावी. तेवढं काढून टाकू का? तिचं बोलणं मग स्वच्छ...” शब्द तोंडातून निसटल्याबरोबर त्याने जीभ चावली.

व्हर्नेल खाली बसली. बाकीचे दहाच्या दहा जण छताकडे, बुटांकडे, काठ्यांकडे बघू लागले. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं.

“ती बाई मी आहे,” ती म्हणाली. आवाज बसला होता, तरी तिने तो खाली घेतला नाही. “काढायचं नाही. तसंच राहू दे. ओझेला कुणाकुणाला न जुमानता ओरडली, ते लोकांना कळू दे.”